बर्फावर माती

२ जून

आज आबांबरोबर, माझ्या वडिलांबरोबर, ओढ्यावर गेले. आता रोज जायचं ठरलं आहे. कुठं पाहिलं आणि कुठं पाहायचं राहिलं हे मी लिहून ठेवणार आहे. उद्या कोणी विचारलं तर नुसतं 'सगळीकडे पाहिलं' असं सांगणं मला जमणार नाही. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आचो तोबदनला, माझ्या थोरल्या भावाला, फक्त सही येत होती.

आचो हिवाळा सरता सरता वर अडकलेले दोन याक आणायला ओढ्याच्या वाटेने गेला आणि वरचा हिमकडा सुटला. याक दुसऱ्या बाजूने आपले आपण घरी आले. गावातल्या माणसांनी लांब काठ्या खुपसून, फावड्यांनी उकरून पाहिलं. मग पुन्हा बर्फ पडला. मेमे पलजोर गावातले सगळ्यांत म्हातारे. ते म्हणाले, "आता बर्फ देईल तेव्हा घ्यायचं. घाई करून तो देत नाही."

इतर ओढे मोकळे झाले. आमच्या ओढ्यात मात्र घराहून उंच ढीग अजून तसाच आहे. वरून मळकट, कडेला निळसर, आणि खालून पाणी बोगदा करून वाहतं. वाट अशी नाहीच. कधी या काठाने, कधी त्या काठाने, दगडांवरून उड्या मारत जावं लागतं. आज ढिगाचा खालचा भाग आणि डावा काठ पाहिला. काही नाही. पाण्यात बुड्या मारणारा एक लहानसा तपकिरी पक्षी बोगद्यात जात होता आणि बाहेर येत होता. त्याला आतलं सगळं दिसत असेल, असं मनात आलं.

घरी आल्यावर आमाने, आईने, विचारलं, "तोंड दिसलं का?"

रोज संध्याकाळी ती एवढंच विचारते. देव्हाऱ्यात दिवा लावत नाही. म्हणते, एकदा त्याचं तोंड पाहीन, मग लावीन.

५ जून

शेतावर बर्फ रेंगाळला की आम्ही त्यावर माती पसरतो. शरदात खणून घराच्या कोपऱ्यात साठवलेली कोरडी काळी माती असते. ती ऊन पिते आणि खालचा बर्फ लवकर सुटतो. तशी माती ओढ्यातल्या ढिगावर टाकायची कल्पना माझी. आबांना सांगितली तेव्हा ते फावडं शोधायला उठले. मग म्हणाले, "टोपल्या काढ."

दिवसभर माती वाहिली. मेमे पलजोर उन्हात माळ ओढत बसले होते. म्हणाले, "काय गं मास्तरणी, यंदा ओढ्यात वाटाणा पेरणार का?"

"हो मेमे. उगवला की पहिली शेंग तुम्हाला."

"मला दात कुठं आहेत? माझी शेंग या तुझ्या बापाला, आंगरूपला दे. खात नाही वाटतं घरात काही."

आबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा खरंच उतरला आहे.

एक गोष्ट टोचते. ही माती आमच्या वरच्या शेतासाठी ठेवलेली होती. ते शेत यंदा उशिरा होईल. मी आमाला न विचारता माती नेली. संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "शेत काय, पुढच्या वर्षीही असतं."

८ जून

माती टाकली त्या जागी बर्फ खचला आहे. आज त्यातून एक शिंग वर आलं.

आधी मला काठी वाटली. मग वळण दिसलं, त्यावरच्या गाठी दिसल्या. टांगरोल होता, मोठा नर, कड्यावर सरळ चढणारा तो रानबोकड. त्याच कड्याबरोबर खाली आलेला असणार. आबांनी हातांनी बर्फ बाजूला केला. मान, दाढी, मिटलेले डोळे. अंगावरचा एक केस हललेला नव्हता. काल संध्याकाळी चरून बसला असावा असा.

मला रडू आलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं. बर्फाने याला इतकं जपलं, म्हणजे आचोलाही जपलं असणार. घरी येऊन आमाला तसंच सांगितलं. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "अगदी तसाच? डोळे मिटलेले?" मी हो म्हटलं. ती आज जेवली.

आबा दारातच उभे होते. म्हणाले, "जनावराचं आणि माणसाचं एक नसतं."

१० जून

टांगरोल जागेवर नाही. बर्फावर ओढत नेल्याची रुंद खूण होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पावलं. मागच्या पायाचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं, फक्त पुढे नखांची भोकं. मोठ्या पावलांच्या बाजूला लहान पावलंही होती.

खूण वर जाऊन डाव्या हाताला वळली. तिथे कड्याच्या आडून एक लहान ओढा येऊन मिळतो. त्यात ऊन फार थोडा वेळ पडतं, म्हणून आम्ही त्याला सावलीचा ओढा म्हणतो. आम्ही वळणावर पोचलो आणि ती दिसली. पिंगट अस्वलीण. टांगरोल अर्धा संपवून बाजूला बसली होती. पिल्लू वरच्या बर्फावरून पोटावर घसरत खाली यायचं, आईला धडकायचं, परत वर चढायचं. एकदा ते उलटं घसरलं, पाय आभाळाकडे करून.

मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मग इतकी लाज वाटली की तोंडावर हात दाबून धरला. जिथे भावाला शोधायला आले तिथे मी अस्वलाच्या पिल्लाला हसत होते.

आबा तिकडे पाहतच नव्हते. ते आणखी वर पाहत होते, सावलीच्या ओढ्याच्या टोकाला. तिथे पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे एका जागी घिरट्या घालत होते.

"घरी चल," ते म्हणाले.

"पण आबा, वरचा भाग..."

"चल म्हटलं ना."

त्यांनी मला पुढे घातलं आणि पूर्ण उतार उतरेपर्यंत मागे वळू दिलं नाही. अस्वल पाठीमागून येईल ही भीती असणार. आबा कधी घाबरत नाहीत, आज मात्र त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सावलीचा ओढा : पाहायचा राहिला.

१२ जून

काल आबा एकटे वर गेले. कुऱ्हाड, पाठीवर लाकडाचा भारा. मी येते म्हटलं तर म्हणाले, "अस्वल आहे. शेकोटी करून हाकलतो आधी." काल आले नाहीत. आज दुपारी आले.

अंगाला शुकपाच्या धुराचा वास येत होता. गोम्पात, मठात, पूजेला जी झुडपं जाळतात तीच. एका बाजूची भुवई होरपळली होती. ओट्यावर बसले आणि खूप पाणी प्यायले.

"अस्वल दिसलं?"

"दिसलं."

"आचो?"

"नाही."

मग म्हणाले, "यांगजिन, त्या ओढ्यात जायचं नाही. ती पिल्लाजवळ आहे, अंगावर येईल. मी पाहिलंय तिथलं सगळं. काही नाही तिथं."

आबांनी पाहिलं म्हणजे पाहिलं. पण ते मी पाहिलेलं नाही, म्हणून सावलीच्या ओढ्यापुढे 'आबांनी पाहिला' असंच लिहिते.

१४ जून

छतावरची लाकडाची रास निम्म्याने कमी झाली आहे. आमच्याकडे लाकूड किती मोलाचं ते काय सांगावं. एक वाळुंज तोडायचा तर लोक चार वेळा विचार करतात. मला आधी चोरीचा संशय आला आणि शेजारच्या छिमेद काकूला मी सरळ विचारलं. विचारायला नको होतं. ती दारात उभी राहून ओरडली, "अगं, तुमचं जळण चोरून मी काय जूनमध्ये शेकत बसणार? शिकली तशी जीभ फार लांब झाली हिची!"

आबा बाहेर आले. "मी नेलं गं छिमेद, रात्री आणखी दोन भारे. शेकोटीला."

"एवढं? काय डोंगर पेटवलास का रे?"

छिमेद काकू त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. आत जाऊन तिने मला सत्तूची वाटी आणून दिली आणि म्हणाली, "खा. माझंच डोकं गरम झालं." मी तिची माफी मागितली. तरी मनातून जात नाही.

आमाने आचोच्या लग्नासाठी विणलेली पांढरी घोंगडीही सापडत नाही. आबा म्हणाले, ओढा ओलांडताना खांद्यावरून पडली, वाहून गेली. मला वाटलं आता आमा संतापेल. एक पळी हरवली तर ती संध्याकाळपर्यंत बोलते. पण ती नुसती चुलीपुढे बसून राहिली. मग आबांचे जोडे पुसायला घेतले. पुसून झाले तरी पुसत होती.

१७ जून

आचे पलमोच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या माहेराहून निरोप आला आहे. तिची आई अंथरुणाला खिळली, पाणीसुद्धा कसंबसं घेते. माहेर दोन गावं सोडून आहे, पण ती जाऊ शकत नाही.

नवरा गेला की त्याच्या करंगळीला आणि बायकोच्या करंगळीला लोकरीचा एकच धागा बांधतात आणि ओढून तोडतात. मग ती मोकळी होते. धागा तुटल्याशिवाय तिने दुसऱ्या छपराखाली निजायचं नाही, आईच्याही नाही. आचोची करंगळी बर्फात आहे.

आम्ही दोघी वाटाण्याच्या शेतात पाणी वळवत होतो. मी म्हटलं, "आचे, थोडे दिवस. बर्फ झपाट्याने उतरतोय. सापडेल तो."

ती म्हणाली, "तुझा भाऊ जिवंतपणी कधी वेळेवर घरी आला होता का, की आता येईल? लग्नाच्या दिवशीही वरात पोचली आणि हा मागे राहिला, याकाच्या पायातला काटा काढत."

आम्ही दोघी हसलो. मग तिने फावडं टाकलं आणि पाण्यातच खाली बसली. लग्नाचे झुबे अजून तिच्या कानात आहेत. ते काढायचे की ठेवायचे हे तिला कोणी सांगत नाही.

"मला तो पाहायचाही नाही," ती म्हणाली. "आमाला पाहायचाय. मला फक्त एक बोट पाहिजे. असं मनात येतं आणि वाटतं, मी माणूस आहे का कोण?"

मी म्हटलं, मी शोधीन. मला याहून चांगलं काही सुचलं नाही. माझ्यावर आता आमाचंही ओझं आहे आणि आचेचंही.

२० जून

माती संपली. आज सकाळी आबांनी एक पोतं पाठीवर घेतलं. आत राख होती. राखेनेही बर्फ सुटतो, काळी असो की करडी. मी विचारलं, "आपली चूल एवढी राख कुठं देते?"

"वर गद्द्यांची जुनी चूल आहे. तिथली."

मेंढपाळ अजून वर आले नाहीत, पण चूल त्यांचीच आहे. न विचारता घ्यावी की नाही, याचा मी वाटभर विचार केला. गद्दी आले की सांगेन.

ढिगावर पोचल्यावर मी टोपलीने राख उधळायला लागले. आबांनी हात धरला. "तशी नको. दोन्ही हातांनी. हळू."

"हळू कशाला? वारा नाही आज."

"हळूच टाक. आधी तू."

म्हणून ओंजळीने टाकली. ते बाजूला उभे राहून काही तरी पुटपुटत होते. मला मंत्राचे शब्द ओळखू आले. मुलगा लवकर सापडावा म्हणून म्हणत असतील. मीही मनातल्या मनात म्हटलं. करडी राख पांढऱ्यावर पसरत गेली, जिथे उतार होता तिथे पाण्याबरोबर खाली सरकली. वर कड्यावर टांगरोलांच्या माद्या पिल्लांसह रांगेने चालल्या होत्या. त्यांच्या पायाखालून सुटलेले खडे टकटक करत खाली येत होते. खूप शांत वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिथून घरी जावंसं वाटलं नाही.

पोत्याच्या तळाशी माझ्या बोटांना काही कडक लागलं. चेन ओढायची कडी होती, जाकिटाला असते तसली, जळून काळी झालेली. आबांना दाखवली. गद्दी लोक जुनेरं जाळतात वाटतं. आबांनी ती घेतली आणि गळ्यातल्या ताइताच्या पिशवीत ठेवली.

"ती कशाला?"

"असू दे. कामाला येईल."

आबांचं हे असंच आहे. वाटेतला खिळासुद्धा उचलून आणतात.

२४ जून

आज आमाने दिवा लावला.

मी घरात आले तर देव्हाऱ्यात लोण्याचा दिवा जळत होता, आणि पानात एक वाटी वेगळी वाढून ठेवली होती. मला धक्का बसला. तोंड पाहिल्याशिवाय लावणार नाही म्हणाली होती. म्हणजे तिने आशा सोडली. मी रोज रिकाम्या हाताने येते म्हणून सोडली. मी म्हटलं, "आमा, अजून वरचा तुकडा आहे बर्फाचा. इतक्यात नको."

"दिव्याने काय बर्फ थांबतो का? जेव तू."

आणखी एक लक्षात आलं. बरेच दिवस झाले, ती 'तोंड दिसलं का' असं विचारत नाही. आता विचारते, "पाय ओले झाले का?" आणि माझे मोजे काढून चुलीजवळ ठेवते. लहानपणी शाळेतून यायचे तेव्हा ठेवायची तशी.

मला वाटतं, तिला माझी दया येते. ते मला सहन होत नाही.

२७ जून

बर्फाचा पूल कोसळला. आम्ही खालच्या काठावर होतो. आधी आतून तोफेसारखा आवाज आला, मग मधला भाग बसला आणि पाणी त्याच्यावरून उसळलं. तो तपकिरी पक्षी उडून समोरच्या दगडावर बसला आणि शेपूट हलवत राहिला.

दुपारपर्यंत पाण्याने बहुतेक सगळा बर्फ नेला. मी एका काठाने, आबा दुसऱ्या. प्रत्येक तुकड्याखाली काठी घातली, प्रत्येक डोहात पाहिलं. दगड, मोडलेली झुडपं, टांगरोलाचं एक शिंग. बाकी काही नाही. त्याची टोपी नाही, काठी नाही, दोर नाही.

मी दगडावर बसून खूप रडले. आबा पाणी ओलांडून माझ्याकडे आले. म्हणाले, "संपलं बाळा. बर्फ संपला. नदीने नेला असेल त्याला. आता कोणी शोधायला सांगणार नाही."

त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखंही काही होतं. मला राग आला. मुलगा सापडला नाही आणि हे 'संपलं' म्हणतात. मी म्हटलं, "नदीने नेला हे तुम्ही पाहिलंत का?"

ते काठी उचलून पुढे चालायला लागले. मी असं बोलायला नको होतं.

२९ जून

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

सकाळी पलमोचा भाऊ आंगदुई आला. रात्रभर चालून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. आत आला नाही. अंगणातूनच म्हणाला, "आई ताईचं नाव घेतेय. आज-उद्याचं आहे. तुमच्या पाया पडतो आंगरूप काका, हिला सोडा."

आबांनी मेमे पलजोरना बोलावलं. आजूबाजूची चार घरंही आली. मेमे बसले आणि माळ ओढत म्हणाले, "मला काय आनंद आहे का पोरीला अडवायचा? पण धागा एका टोकाला बांधून तुटत नाही. दुसरं टोक कुठंय?" मग आबांकडे वळले. "आंगरूप, नुसती करंगळी पाहिजे. बाकी काही नसलं तरी चालेल. काही सापडलं नाही? काहीच?"

आबांनी दोन्ही हात बगलेत घातले, थंडी वाजल्यासारखे. "नाही," ते म्हणाले. "हात नाही."

आंगदुई चिडला. "नीट शोधलं तरी का तुम्ही? का नुसती माती टाकत बसलात? आमच्या गावात हसतात लोक!"

तेव्हा मेमेंनी मला विचारलं. "मास्तरणी, तू लिहून ठेवतेस म्हणे. तू सांग. सगळा ओढा पाहिला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आचे पलमोही पाहत होती. मी हो म्हटलं असतं तर कदाचित मेमेंनी काही वाट काढली असती. पण जे मी केलं नाही ते केलं असं माझ्या तोंडून येत नाही. मी म्हटलं, "सगळा पाहिला. सावलीचा ओढा सोडून. तो आबांनी एकट्यांनी पाहिला. मी पाहिलेला नाही."

"मग पाहायला हवा," आंगदुई म्हणाला. "आत्ता जाऊ. मी येतो, चला काका."

आबा उठले नाहीत. जमिनीकडे पाहत होते. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, यांना काही होतंय. मी पाणी आणायला उठले.

तेवढ्यात आमा बोलली. "बसा सगळे. त्या ओढ्यात काही नाही."

"तुला काय माहीत, आमा?" मी म्हटलं. "तू तर तिकडे गेलीच नाहीस. तुझे गुडघे..."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी तापात असताना पाहायची तसं. मग ती चुलीपासून उठली, पलमोच्या समोर येऊन बसली आणि डावा हात पुढे केला. करंगळी सरळ करून.

"बांधा," ती म्हणाली.

मेमे म्हणाले, "असं कुठं होतं का, बाई? हे रीतीत नाही."

"रीतीत काय आहे ते तुम्ही बघत बसा. त्याची करंगळी माझ्या पोटात झाली. इथून आली. इथंच बांधा."

छिमेद काकू पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली. मेमेंनी माळ बाजूला ठेवली, लोकरीचा पांढरा धागा काढला. त्यांना धागा नीट दिसेना, गाठ बसेना, म्हणून एक गाठ मी मारली. आमाच्या बोटाची. दुसरी मेमेंनी पलमोच्या बोटाला मारली.

पलमो ओढेचना. हात ढिला ठेवून रडत होती. आमा म्हणाली, "ओढ गं. तुझी आई वाट पाहतेय. मला कळतं ते कसं असतं. ओढ."

धागा तुटला. आमाने स्वतःच्या हाताने पलमोच्या कानातले झुबे काढले, तिच्या मुठीत दिले आणि म्हणाली, "पळ."

आंगदुईने आमाच्या पायावर डोकं ठेवलं. ती दोघं ऊन चढायच्या आत निघून गेली.

मग आबा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आचो गेला तेव्हाही नाही. आमा त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या होरपळलेल्या भुवईवरून बोट फिरवलं. "एकट्याने केलंस सगळं," ती म्हणाली. "मला न्यायला हवं होतंस."

शोधाबद्दल म्हणत असेल, असं मी मनाशी म्हटलं. मी होतेच की बरोबर, असं सांगायला तोंड उघडलं. मग नाही सांगितलं.

२ जुलै

सकाळी आबांना म्हटलं, मला सावलीच्या ओढ्यात जायचंय. वाटलं होतं, अस्वलाचं नाव काढतील. ते म्हणाले, "चल." त्यांनी शिदोरी घेतली नाही, काठीही नाही.

सावलीच्या ओढ्यात अजून बर्फ आहे, कड्याच्या मुळाशी लहान लहान तुकडे, त्यावर पडलेले खडे. पाण्याच्या कडेला नवं गवत आलं आहे. अस्वलीण वरच्या उतारावर मुळं उकरत होती आणि पिल्लू तिच्या मागे. आता ते पुष्कळ वाढलं आहे. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, हवा हुंगली आणि परत उकरायला लागली. मला वाटलं आबा दगड मारतील. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "तिलाही पोर पोसायचंय."

ओढ्याच्या टोकाला एक सपाट दगड आहे. वरून काळा, तडकलेला. भोवती गद्द्यांच्या चुलीसारखे दगड मांडलेले नव्हते. कोणी तरी जागा झाडून स्वच्छ केली होती आणि शुकपाची एक हिरवी डहाळी ठेवली होती. ती सुकली होती, पण फार जुनी नव्हती.

आबा त्या दगडाजवळ बसले. मला म्हणाले, "तू इथं ये किंवा तिकडं थांब. तुला वाटेल तसं."

मी गेले. त्यांच्या शेजारी बसले. पाण्याचा आवाज होता आणि कड्यावर डोंगरकावळे. किती वेळ बसलो ते माहीत नाही. मला खूप काही विचारायचं होतं. दगडाच्या तड्यांत अजून करडी राख होती, मी ओंजळीने टाकली होती तीच. एकदा आबांनी ओठ उघडले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा मिटले.

उठताना मी ओढ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्या दगडावर घातलं. दोन्ही हातांनी, हळू.

परत येताना आबांनी ओढा ओलांडायला माझा हात धरला. पाणी घोट्याइतकंच होतं. पलीकडच्या काठावर पोचलो तरी त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.